मंगळवारचा मोबदला

रॉयटलिंगनच्या आठवडी बाजारात हाइके श्टाइम्लेबरोबर जायचं, तर अर्ध्या तासाच्या खरेदीला दीड तास धरून निघावं लागतं. बटाट्यांच्या गाड्यापाशी कुणीतरी बाबागाडी आडवी घालतं. पाववाल्याच्या रांगेत एखादा सहा-सात वर्षांचा मुलगा आईच्या पाठीमागून पुढे ढकलला जातो. "बघ, हीच ती. जगात सगळ्यांत आधी तुला हिनं पाहिलं." मुलगा लाजतो, नाहीतर जीभ काढून दाखवतो. हाइके वाकत नाही, गालगुच्चाही घेत नाही. मोठ्या माणसाशी करावं तसं त्याच्याशी हस्तांदोलन करते आणि विचारते, "तेव्हा तू माझ्यावर फार चिडला होतास. गेला का राग?"

हाइके सुईण आहे. इस्पितळाच्या पगारावर नाही, स्वतंत्र. बायका पोटुशा राहिल्या की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच तिला गाठतात आणि ती त्यांना शब्द देते की वेळ आली की मी येईन. "मी बाळंतपण केलं" असं ती कधी म्हणत नाही. "मी होते तिथं" असं म्हणते. तिच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान मला त्या तीन शब्दांत दिसतं. असणं. वेळेवर असणं.

मी तिच्या वरच्या मजल्यावर, छपराखालच्या दोन खोल्यांत राहते आणि संध्याकाळी चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीवर बसते. त्यामुळे नेमकी जेव्हा तिला माणूस हवं असतं, तेव्हा मी तिच्या उपयोगाची नसते. तळमजल्यावरच्या हेफेलेबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्याकडे मुलं आनंदानं जातील, पण मुलं त्यांना अर्ध्या तासापलीकडे सोसत नाहीत. हाइकेचा नवरा उल्मला गेला तो दुसऱ्या बाईकडे, आणि महिन्यातून दोनदा शनिवारी मुलांना घेऊन जातो. बाळं काही शनिवार बघून जन्माला येत नाहीत. म्हणून आठ वर्षांचा योना आणि पाच वर्षांची फ्रीडा यांच्यासाठी हाइके दरवर्षी बाहेरच्या देशातली एक मुलगी घरात आणते. ओ-पेअर म्हणतात तिला. घरात राहायचं, मुलं सांभाळायची, भाषा शिकायची आणि वर्ष संपलं की पुढच्या वाटेला लागायचं.

त्या वर्षी जॉर्जियातल्या झेस्ताफोनीहून ताम्ता आली. उंच, रुंद खांद्यांची, सगळ्याला आधी "का?" विचारणारी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी हाइकेनं तिला स्वयंपाकघरात बसवून सगळे नियम सांगितले. बाळंतपणात पुढे काय काय होणार हे ती बायकांना सांगते तशाच आवाजात, काही न लपवता. आठवड्याला तीस तासांच्या वर काम नाही. दीड दिवस सुट्टी. स्वतःची खोली, जेवणखाण, विमा, जर्मनच्या वर्गाला हातभार, आणि महिन्याच्या एक तारखेला दोनशे ऐंशी युरो खात्यावर.

"हा पगार?" ताम्तानं विचारलं.

"पगार नाही. हातखर्च. तू नोकर नाहीस, घरातली आहेस."

"घरातल्या सगळ्यांना हातखर्च मिळतो?"

"मला मिळतो!" योना मधेच म्हणाला. "आठवड्याला दोन युरो. फ्रीडाला एकच. कारण ती हरवते."

"मी नाही हरवत. ते आपोआप जातात."

ताम्ता हिशेब करत थोडा वेळ छताकडे बघत राहिली. "म्हणजे मी एक खूप मोठी मुलगी," ती म्हणाली. हाइके हसली, पण मला नंतर म्हणाली, "मुलगी खोचक आहे. टिकेल."

टिकण्याला हाइकेच्या घरात फार अर्थ होता. आदल्या वर्षीची मुलगी पाचव्या महिन्यात सामान बांधून गेली होती आणि त्या हिवाळ्यात हाइकेला शब्द दिलेल्या बायका दुसऱ्यांच्या हाती सोपवाव्या लागल्या होत्या. आरोग्यकेंद्रातल्या दिवसाच्या नोकरीचा अर्जही तिनं तेव्हा भरून ठेवला होता. टेबलामागे बसायचं, गरोदर बायकांना पत्रकं वाटायची, साडेचारला घरी. "पत्रकं वाटणारी सुईण," ती म्हणायची, "म्हणजे पोहता येणारा टपालवाला." हा अर्ज पाठवायचा की नाही, ते आता ताम्तावर होतं. हे ताम्ता सोडून सगळ्यांना माहीत होतं.

हाइके नियमांना पक्की. ताम्ताच्या खोलीवर टकटक केल्याशिवाय मुलंसुद्धा आत जात नसत. ताम्ताला याचंच नवल. "आमच्याकडे दार वाजवलं तर आतली माणसं घाबरतात, पोलीस आले की काय," ती मला जिन्यात म्हणाली. तिनं मुलांना राजमा घोटून खायला शिकवलं, मुलांनी तिला मसुरावर व्हिनेगर ओतायला. फ्रीडाच्या वेण्या सुधारल्या. शरद ऋतू असा बरा गेला.

मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते आठ, ताम्ताचा जर्मनचा वर्ग असे. तो तिच्यासाठी विरंगुळा नव्हता. मे महिन्यातली परीक्षा पास झाली तर ट्युबिंगनला परिचारिकेच्या प्रशिक्षणात जागा होती, नाहीतर ऑगस्टमध्ये झेस्ताफोनीचं विमान. हे तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि हाइकेनं मान डोलावली होती. पण बाळांना कोण सांगणार? सप्टेंबरात एका मंगळवारी फोन आला, हाइके पिशवी उचलून निघाली, ताम्ता बूट काढून मुलांपाशी बसली. ऑक्टोबरात एक गुरुवार, मग एक मंगळवार. नोव्हेंबरात तर जणू सगळ्या गावानं ठरवून त्याच दोन संध्याकाळी जन्माला यायचं पत्करलं.

हाइके फुकट काही घेणारी नाही. पहिल्या चुकलेल्या वर्गानंतर तिनं साखरेच्या भांड्याखाली वीस युरोची नोट ठेवली. ताम्तानं ती घेतली आणि लोकरी मोजे आणले. दुसऱ्या वेळीही घेतली. त्यानंतर नोटा भांड्याखालीच राहायला लागल्या. भांडं जरा डगमगायचं. सकाळी दूध ढवळताना योना म्हणायचा, "भांडं जाड होत चाललंय."

हाइकेला कळेना. "कमी वाटत असतील का गं?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचार. "विचारलं. म्हणाली, पैसे ठीक आहेत. मग उचलत का नाही?" पुढच्या वेळी तिनं वीसचे चाळीस केले. तेही तिथंच राहिले. कुणी रागावलं असतं तर हाइकेला सोपं गेलं असतं. रागावलेल्या, ओरडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या बायकांमध्ये तिचा जन्म गेला. पण ताम्ता रोजच्यासारखी सफरचंदं चिरायची, मुलांना शाळेतून आणायची आणि काहीच म्हणायची नाही. फक्त "का?" विचारायची थांबली होती. हाइकेच्या आधी ते माझ्या लक्षात आलं, कारण जिन्यात आता ती नुसती "नमस्कार" म्हणून जायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला मुली पाठवणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. बाई नियमानुसारच बोलल्या. ताम्तानं कुटुंब बदलायची पद्धत काय, याची चौकशी केली आहे. अजून अर्ज नाही, नुसती चौकशी. "काही अडचण आहे का तुमच्या घरी?"

"नाही," हाइके म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर खुर्चीवर बसली.

बाकीचं तिला योनाच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून समजलं. टेकडीवर राहणाऱ्या एका दंतवैद्याच्या घरी जागा आहे. कागदावर हातखर्च नेहमीचाच, पण वर तेवढेच पैसे हातात, गुपचूप. बदल्यात घरातला सगळा स्वयंपाक, धुणं, इस्त्री. "तीस तास? पन्नास होतील!" हाइके माझ्या दारात उभी राहून म्हणाली. "तिला राबवून घेतील. आणि तिला ते चालतंय? मी नियमाबाहेर एक कपडा इस्त्री करू देत नाही, आणि तिला तिकडे जायचंय!"

"तिथं संध्याकाळी कोण असतं घरी?" मी विचारलं.

"दोघंही. दवाखाना पाचला बंद." ती उत्तरली आणि जिना उतरून गेली. तेव्हा तिनं स्वतःचंच उत्तर ऐकलं नव्हतं असं मला वाटतं.

त्याच आठवड्यात जिना झाडायची पाळी हाइकेची होती. आमच्या घरात पुठ्ठ्याची एक पाटी आहे. ती ज्याच्या दाराच्या मुठीला लटकते, त्यानं त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा रस्ता झाडायचा आणि शनिवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दाराला लावायची. हाइके शुक्रवारपासून एका लांबलेल्या बाळंतपणात होती. शनिवारी दुपारी परत आली तेव्हा जिना लखलखत होता. हेफेलेबाईंची बहीण भेटीला यायची होती, म्हणून त्यांनीच झाडून, पुसून घेतला होता. मी कचरा टाकायला खाली उतरत होते. हाइके पाकीट उघडून हेफेलेबाईंच्या दारात उभी होती.

"हे काय?" हेफेलेबाईंनी विचारलं.

"जिन्याचे. माझा आठवडा तुम्ही केलात ना. गुडघे दुखत असतील."

"माझे गुडघे माझे आहेत. मी पैसे घेऊन जिने झाडते असं कोण म्हणालं तुला?"

"तसं नाही हो, पण तुमचा वेळ गेला..."

"मग वेळ दे की! मी लग्न होऊन या घरात आले. किती भाडेकरू आले, गेले, मेले. कुणी आजारी पडलं, कुणी दारू पिऊन पडलं, आठवडे अदलाबदल झाले. पण जिन्याचे पैसे या घरात कुणी कुणाला दिले नाहीत. आठवडा घेतलास, आठवडा दे. जानेवारीत माझी पाळी आली की पाटी तुझ्या दाराला. वीस युरो टाकून सुटायला बघतेस होय? इतक्या स्वस्तात?"

"बरं, बरं. जानेवारीत करते."

"आणि कोपरे काढ. मागच्या वेळी नुसती केरसुणी फिरवली होतीस. सुईण ना तू? कोपऱ्यातलं दिसायला हवं तुला."

दार बंद झालं. हाइके नोट हातात धरून तिथंच उभी राहिली. रात्रभर ती झोपली नव्हती आणि चेहरा पिठासारखा झाला होता. मला वाटलं, रडते की काय. पण तिनं मला विचारलं, "स्वस्तात म्हणाली ना ती?" मग वर जाऊन तिनं कोट न काढताच स्वयंपाकघरात हाक मारली, "ताम्ता!" आणि मला म्हणाली, "तू पण ये. मी काही वेडंवाकडं बोलले तर थांबव."

ताम्ता कणीक मळत होती. मुलं उल्मला गेली होती.

"तुला जायचंय त्या दंतवैद्याकडे?"

ताम्तानं हात थांबवले नाहीत. "मी विचारलं फक्त. अजून नाही ठरवलं."

"तिथं तुला फार राबावं लागेल."

"माहीत आहे."

"मग? माझे पैसे तू घेत नाहीस आणि त्यांचे..."

"पैसे मला हवेत, हाइके. पैसे वाईट नाहीत. मी काय संत आहे?" ताम्ताचं जर्मन रागात जास्त शुद्ध व्हायचं. "पण मी साखरेखालून पैसे घेतले की तुला वाटतं, झालं. मंगळवार मिटला. तुझा चेहरा हलका होतो. मी बघते ना. मग पुढचा मंगळवार जायला तुला काही वाटत नाही. मी घेतले नाहीत तर निदान भांडं डगमगतं."

हाइकेची नजर साखरेच्या भांड्याकडे गेली. माझीही.

"वर्गातल्या बाई म्हणाल्या, आणखी चार तास चुकले तर परीक्षेला बसवणार नाही," ताम्ता पुढे म्हणाली. "दंतवैद्याकडे पन्नास तास इस्त्री करीन. पण सहा वाजता मी मोकळी. मला इस्त्री आवडत नाही. मला फ्रीडा आवडते. तरी."

"हे तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. पहिल्या आठवड्यात. तू मान डोलावलीस. आणि नंतर तू पिशवी उचलायचीस. तिकडे बाई ओरडत असते, बाळ येत असतं. त्यापुढे माझा वर्ग म्हणजे काय? मी कशी म्हणू, थांब?"

हाइकेनं शेवटी कोट काढला. खुर्चीच्या पाठीवर टाकला. "भांड्याखालचे घे," ती म्हणाली. "ते तुझेच आहेत. केलेल्या कामाचे आहेत, माझा चेहरा हलका होवो न होवो. आणि नवीन वर्षापासून परीक्षेपर्यंत मंगळवार-गुरुवार संध्याकाळी मी घरी."

"आणि बाळं?"

"उटे जाईल." उटे म्हणजे तिची जोडीदार सुईण.

"तू नाही राहू शकणार," ताम्ता शांतपणे म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि बघायची उत्सुकताही होती. मलाही होती.

हाइकेनं त्यानंतरच्या दिवसांत एकेका बाईला जाऊन तोंडावर सांगितलं की त्या दोन संध्याकाळी मी येणार नाही. दोघी तिला सोडून दुसरीकडे गेल्या. उटेनं अट घातली की बदल्यात रविवारची सगळी बाळंतपणं हाइकेची. हाइकेनं मान्य केलं, आणि आपली एक गोष्ट तिनं पहिल्यांदाच माझ्यापाशी बोलून दाखवली: "मी नसले तरी बाळं येतात, हे मला नेहमी माहीत होतं. ते बघायचं नव्हतं एवढंच." ताम्तानं संस्थेला जानेवारीअखेरपर्यंत काही कळवत नाही म्हणून सांगितलं.

जानेवारीत बराच काळ मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी फोन वाजलाच नाही. महिना संपता संपता, एका गुरुवारी, वाजला. मी तिकीट खिडकीवर होते. पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. हाइकेच्या म्हणण्याप्रमाणे ती अगदी शांत होती. ताम्ताच्या म्हणण्याप्रमाणे हाइकेचा आवाज जिन्यात ऐकू जात होता.

फोन ब्रिगिटे ओट्टच्या नवऱ्याचा होता. ब्रिगिटेच्या आधीच्या दोन्ही वेळी हाइके होती. आता तिसरं, आणि आठवडाभर लवकर. ताम्ता कोट घालून दारापाशी उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं कोटाची वरची बटणं काढायला सुरुवात केली.

"काय करतेस?" हाइके फोनवर हात ठेवून म्हणाली.

"जा तू. ही ओळखीची आहे तुझी."

"बस चुकेल तुझी."

"हाइके, एक वर्ग..."

"बटणं लाव!" ती ओरडली. फोनमध्ये नवरा घाबरून "काय? काय लावू?" असं विचारत होता. हाइकेनं त्याला उटेचा नंबर पुन्हा सांगितला, दोन वेळा म्हणवून घेतला, आणि ताम्ता गेल्यावर मसूर जाळले. मुलांना पाव आणि चीज दिलं. फ्रीडाला आई संध्याकाळी इतका वेळ एका जागी दिसल्याचं इतकं नवल वाटलं की ती झोपेचना. मधे उटेचा फोन आला. ब्रिगिटे कुशीवर वळायला तयार नाही, आधीच्या वेळी काय केलं होतंस? "तिला उभी कर," हाइके म्हणाली. "खिडकीपाशी. तिला बाहेरचं दिसायला लागतं."

साडेआठला ताम्ता परतली. "झालं?"

"अजून नाही."

दोघी टेबलाशी बसल्या. हाइकेनं विचारलं, आज काय शिकवलं?

"तक्रारीचं पत्र कसं लिहायचं. परीक्षेत येतं."

"तक्रार शिकवतात होय तुम्हाला? आणि मी त्याला हातभार लावते! कुणावर लिहिलीस?"

"तुझ्यावर," ताम्ता म्हणाली. "बाईंना फार आवडलं. वर्गात वाचून दाखवायला लावलं."

हाइके इतकी हसली की योना उठून आला. त्या हसण्यातच फोन आला: मुलगा, साडेतीन किलो, सगळं ठीक. हाइके "छान" म्हणाली, उटेला दोन-चार गोष्टी विचारल्या आणि फोन ठेवून बराच वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती ब्रिगिटेकडे गेली, पिशवी न घेता. ब्रिगिटेनं बाळ तिच्याकडे दिलं नाही, कुशीतच धरून ठेवलं.

"तू शब्द दिला होतास."

"गुरुवार वगळून दिला होता."

"कशासाठी होता तुझा गुरुवार?"

"माझा नव्हता. आमच्याकडच्या मुलीचा वर्ग होता."

"वर्ग?" ब्रिगिटे म्हणाली. "मी इथं, आणि तिचा वर्ग?"

"हो," हाइके म्हणाली.

ब्रिगिटेनं मान भिंतीकडे वळवली. हाइके खुर्ची ओढून बसली. काही समजावलं नाही, निघूनही गेली नाही. खिडकीतून समोरच्या चर्चची निळी कौलं दिसत होती. कितीतरी वेळानं ब्रिगिटे भिंतीकडेच बघत म्हणाली, "पास तरी होईल का ती?"

"माहीत नाही," हाइके म्हणाली. "तक्रारीचं पत्र बरं लिहिते."